वाटीभर पेज

ओकारी या विषयावर दिवाळी अंकात लिहिणारी बहुधा मीच पहिली असेन. फराळाचं ताट पुढ्यात असेल तर आधी ते संपवा आणि मग वाचा. माझा नाइलाज आहे. भंडाऱ्याला एका दवाखान्यात मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डची सिस्टर होते, आणि माझी निम्मी नोकरी पेशंटला ओकारी होऊ नये या एकाच कामात गेली.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरला माझ्या भाचीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. जठर कापून लहान करतात म्हणे, म्हणजे माणूस थोडक्यात भागवतो. मी तिच्यापाशी बसायला गेले होते. गुंगी द्यायच्या आधीच तिला मळमळीचं इंजेक्शन दिलं, उठल्यावर दुसरं दिलं. मग औषधाच्या टोपणाएवढा पेला आला. एक घोट घ्यायचा, थांबायचं, बसूनच प्यायचं, आडवं पडून नाही. संध्याकाळी पोरगी व्हरांड्यात चालत होती. जरा मळमळतंय म्हणाली तर दोन नर्सा धावत आल्या. मी कौतुकानं बघत होते आणि मनातून रडत होते. ती म्हणाली, "मावशी, मी बरी आहे, तू कशाला तोंड पाडून बसलीस?" तिला काय सांगणार? मला आमचा सत्तर-ऐंशीच्या दशकातला वॉर्ड दिसत होता.

आमच्याकडे बारीक व्हायला कोणी येत नसे. येणारे आधीच काडी झालेले असत. धानपट्ट्यातली माणसं, वर्षानुवर्षं पोटात जाळ घेऊन राबायची. दुखलं की सोडा खायचा, पोटावर गरम विटकर ठेवायची, देवाला नवस बोलायचा. धान चुरून कोठीत पडलं की मगच दवाखान्याची आठवण व्हायची. तोवर अल्सरनं जठराचं खालचं तोंड आवळून गेलेलं असे आणि खाल्लेलं पुढं सरकतच नसे. मग आमचे सर्जन साहेब पोट उघडून जठराला बाजूनं नवी वाट काढत आणि ती आतड्याला जोडत. साहेबांचा हात फार सफाईचा होता. पण ते स्वतःच म्हणायचे, "सिस्टर, शिवणं माझं काम. शिवलेलं टिकवणं तुमचं."

टिकवायचं कशापासून, तर ओकारीपासून. नवी शिवण आतून कच्ची असते. माणूस ओकायला लागला की सगळं पोट पिळून निघतं, टाक्यांवर ताण येतो. बेशुद्धीत ओकला तर ते फुप्फुसात जातं, तो निराळाच घोळ. आणि त्या काळात गुंगी ईथरची. जाळीच्या मास्कवर थेंब थेंब टाकत राहायचं. तो वास एकदा नाकात बसला की चार दिवस जात नसे. माझ्या साडीला यायचा, घरी नवरा म्हणायचा, "आलं ऑपरेशन थिएटर घरी." ईथरमधून उठलेला माणूस ओकणार हे आम्ही धरूनच चालायचो. ओकारी थांबवायचं इंजेक्शन होतं, पण ते स्टोअरमध्ये असलं तर असायचं.

नाकाडोंगरीकडच्या खाणीतला एक मुकादम आला होता. आडदांड गडी, आवाज असा की वॉर्डातल्या खिडक्या वाजाव्यात. काही खाल्लं का, काही प्यालास का, असं मी त्याला टेबलावर घ्यायच्या आधी विचारलं. "नाही जी. काल रातपासून उपासच हाय." खरंच उपाशी होता. फक्त गालात तंबाखू होती. त्याच्या मते तंबाखू हे काही खाणं नव्हे. मास्क ठेवल्यावर जे काही झालं ते साहेबांच्या बुटांनी पाहिलं. पुढं मी प्रत्येक पुरुषाला टेबलावर घ्यायच्या आधी आ करायला लावत असे, आणि बोट घालून गाल तपासत असे. मोठमोठी माणसं आ करून उभी राहायची. या कामात मी कुणाचीही भीड ठेवली नाही.

बाकी उपाय साधे होते. माणसाला टेबलावरून आणताना ट्रॉली अशी ढकलायची की डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड आहे. धक्का बसला की मळमळ उसळते. कूस वळवून निजवायचं. शुद्ध आली की उशाशी टेकण देऊन अर्धवट बसवायचं. नाकातून जठरापर्यंत रबराची नळी असायची, तिला मोठी पिचकारी लावून आतलं पाणी आणि पित्त सारखं ओढून काढायचं, म्हणजे साचून वर येत नाही. तोंडाला थेंब पाणी नाही. ओठ सुकले तर ओल्या कापसानं पुसायचे. कुणाला लिंबाचं पान चुरगाळून हुंगायला द्यायचं. हे सगळं मी जीव ओतून करायचे, आणि माझ्या वॉर्डात ओकारी कमी व्हायची, हे थोडं मिरवून सांगायला आता हरकत नाही.

पाणी कधी सुरू करायचं हे साहेब आतड्यांना विचारून ठरवत. म्हणजे पोटाला स्टेथोस्कोप लावून आत गुडगुड होते का ते ऐकायचे. आणि मी रोज सकाळी खाटाखाटांवर जाऊन विचारायची, "वारा सरला का?" आतडं जागं झालं की वारा सरतो. तो सरला की चमचाभर पाणी, मग दोन चमचे, मग पातळ पेज. बपेऱ्याचे एक पाटील होते. बाईमाणसापुढं असलं काही कबूल करणं त्यांना जमेना. मी विचारलं की छताकडं बघायचे. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा शेवटी वैतागून म्हणाला, "सरला जी बाई, पहाटेच सरला. अख्खा वॉर्ड साक्षी हाय." सगळा वॉर्ड पोटावर हात दाबून हसला. पाटीलही हसले, आणि मी त्यांना चमचाभर पाणी दिलं. आमच्याकडे असे दिवसही होते.

पेशंटपेक्षा नातेवाईक सांभाळणं अवघड. आमच्या भागात माणसाला काहीही झालं तरी पहिला विचार पोटाचा. पोटात काही नाही, हे वाक्य त्यांना ऐकवत नाही. दवाखान्याच्या मागे निंबाखाली तीन-तीन विटांच्या चुली मांडलेल्या असत, तिथं प्रत्येक घरची बाई भात शिजवायची, आणि भाताच्या वासानं नळी लावलेल्या माणसाचा जीव कासावीस व्हायचा. मी साहेबांना सांगून त्या चुली जरा लांब हलवल्या होत्या. तरी खिडकीतून दिसायच्याच.

आता डोमाचं सांगते. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

डोमा एकोडीचा. तलावाखाली दोन बांध्यांत धान करणारा, पस्तिशीचा माणूस. बायको भागरता. दोघं दवाखान्यात आले तेव्हा त्याचं वजन तिच्याहून कमी असावं. लेकरू नव्हतं. घरी डोमाची म्हातारी आई होती, ती शेळ्या बघायला मागे राहिली. ऑपरेशन चांगलं झालं. ईथरमधून उठताना तो ओकलासुद्धा नाही. मी इतकी खूश झाले की साहेबांना मुद्दाम जाऊन सांगितलं.

डोमा शहाणा पेशंट होता. नळीला हात लावायचा नाही, पाणी मागायचा नाही. फक्त खिडकीबाहेर बघत पडायचा. भागरता दिवसभर खाटेपाशी खाली बसायची. बोलणं दोघांचं फारसं नाही. तिनं त्याचे पाय चेपायचे, त्यानं डोळे मिटायचे. आजूबाजूच्या बायका तिला हसायच्या, ही बोलते तरी कधी म्हणून.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी ती नळावर चक्कर येऊन पडली. मी तिला उचलून आमच्या सिस्टरांच्या खोलीत आणलं. तोंडावर पाणी मारलं. शेवटचं कधी जेवलीस म्हटलं, तर मान खाली. पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "ते जेवले नाही जी अजून."

मी या भागातलीच. मला समजावून सांगायची गरज नव्हती. नवरा जेवल्यावर त्याच्याच ताटात बायकोनं बसायचं, हे माझ्या आईनं जन्मभर केलं. नवरा शेतावरून यायला कितीही उशीर होवो, ती थांबणार. पण घरी नवरा उशिरा का होईना, येतो. इथं त्याच्या नाकात नळी होती, आणि त्याला पेज मिळायला अजून अवकाश होता. हा हिशोब त्या चालीत कुठं बसलेलाच नव्हता.

मी तिला रागावले. "तू पडलीस तर त्याच्याकडं कोण बघेल? मी? मला असे वीस नवरे आहेत वॉर्डात." ती हसली नाही. माझा डबा उघडला, त्यात भात आणि लाखोरीचं वरण होतं. ताट पुढं सरकवलं. ती भिंतीकडं तोंड करून, पदर ओढून जेवली. लवकर लवकर, चोरी केल्यासारखी. जेवण झाल्यावर माझे हात धरून म्हणाली, "त्यायले सांगू नका बाई. काय म्हनन ते मले." मी शब्द दिला. मोडायचं काही कारणही दिसलं नाही.

पुढं रोज दुपारी तेच. मी दोन माणसांचा भात आणायला लागले. वॉर्ड शांत झाला की मी तिला खुणेनं बोलवायची, आणि ती अपराध्यासारखी मागं यायची. पण चेहऱ्यावर जरा तजेला आला. एकदा वरणात मीठ कमी आहे असंही म्हणाली. मला फार बरं वाटलं, माणसात आली म्हणून.

तिची चूल मात्र निंबाखाली तशीच पडलेली होती. विटा मांडलेल्या, राख नाही. ती माझ्याच डब्यातलं जेवत असल्यावर पेटवणार कशाला? हे मला दिसत होतं आणि त्यात काही विशेष वाटत नव्हतं. पण डोमाच्या खिडकीतून तीच चूल दिसायची.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं विचारलं, "वारा सरला का?" तो म्हणाला, "नाही जी." मग म्हणाला, "बाई, आज मले काही देऊन पाहा ना. थोडुकसं." त्यानं पहिल्यांदाच मागितलं होतं. मी म्हटलं, "उद्या बघू. आज नाही." तो बरं म्हणाला. मला वाटलं, भूक लागली बिचाऱ्याला, चांगलं लक्षण आहे.

दुपारी भागरता माझ्या खोलीत जेवत होती. जेवण झालं, तिनं ताट विसळलं, पदरानं तोंड पुसलं आणि आम्ही दोघी वॉर्डात आलो. डोमा उठून बसला होता. हातात पितळेची वाटी होती. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पेज सुरू झाली होती, त्याच्याकडून त्यानं मागून घेतली होती. वाटी त्यानं जवळजवळ संपवली होती. तळाशी दोन घास ठेवले होते.

त्यानं ती वाटी भागरतापुढं धरली. "माह्यं झालं," म्हणाला. "आता तू जेव."

ती जागच्या जागी उभी राहिली. पदराचं टोक अजून तिच्या तोंडाशी होतं. म्हातारा मला सांगायला लागला, "मी नाही म्हणलं जी बाई. पन त्यो म्हने, माही बाई उपाशी मरून राहिली, चूल पेटवत नाही, मी खाल्लं का मंग तिले बी खाता येईन." मी कुणाचं काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पिचकारी आणायला धावले. नळीला लावून ओढली तर काही येईना. पेज घट्ट होती, नळी तिनंच बुजली होती. नळी काढली, दुसरी घालायला गेले आणि तेवढ्यात त्याला उमासा आला.

ते मी लिहीत नाही. इतकी वर्षं ज्या गोष्टीला अडवत आले ती माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातात, पुन्हा पुन्हा झाली. साहेब आले, इंजेक्शन दिलं, नवी नळी गेली. संध्याकाळी थांबलं. तोवर तो पांढरा पडला होता. भागरता खाटेचा पाय धरून खाली बसली होती. ती वाटी तिच्या मांडीवर होती.

सकाळी त्याचं पोट पाटासारखं कडक झालं. साहेबांनी हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. आतला टाका उसवला होता. पुन्हा पोट उघडावं लागणार होतं. भागरताला अंगठा द्यायला ऑफिसात नेलं, आणि मी डोमाला तयार करत होते. त्याचे डोळे खोल गेले होते, पण शुद्ध चांगली होती.

"बाई," तो म्हणाला, "तिनं काल जेवलं का?"

आता शब्द पाळून कुणाचं भलं होणार होतं? मी म्हटलं, "अरे बाबा, ती रोज जेवते. माझ्या खोलीत, माझ्या डब्यातलं. तुला सांगायची लाज वाटत होती तिला."

"रोज?"

"रोज. वरणात मीठ कमी आहे म्हणते."

तो हसला. हसताना दुखलं म्हणून दोन्ही हातांनी पोट धरलं, तरी हसला. "मंग बेस झालं," म्हणाला. "मले वाटे, उपाशी मरून राहिली ते." मग म्हणाला, "मले समजलं म्हनून सांगू नका तिले. लय शरमन."

मी हो म्हटलं. दुसरा शब्द दिला. ट्रॉली मी स्वतः ढकलली, अगदी हळू. साहेबांनी जे करता येईल ते सगळं केलं. डोमा टेबलावरून वॉर्डात परत आला, पण फक्त एक दिवस राहिला, आणि त्या दिवसात पुन्हा बोलला नाही.

गावाहून माणसं राइस मिलचा ट्रक घेऊन आली. डोमाला मागं धानाच्या तणसावर निजवलं आणि भागरता त्याच्या उशाशी बसली. ती रडत नव्हती. मी ट्रकपाशी गेले. तिनंच वाकून, गावच्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाई, त्यायले मालूम झालं का जी?"

"काय?"

"मी जेवत होती ते."

मी त्याला दिलेला शब्द पाळला. म्हटलं, "नाही ग. त्याला काही कळलं नाही. तू मनाला लावून घेऊ नको."

मला वाटलं, तिला हायसं वाटेल. तिनं बाजूचं तणस त्याच्या उशाखाली सारलं. मग म्हणाली, "मंग ते मले उपाशी समजूनच गेले."

हे मला सुचलंच नव्हतं. त्यालाही सुचलं नसावं. दोघांच्या लाजा सांभाळत मी इतकी पुढं आले होते की खरं दुःख कुठं आहे ते दिसलं नाही. ड्रायव्हर गाडी सुरू करत होता. मी ट्रकच्या फळीवर पाय देऊन वर चढले आणि तिचा हात धरला.

"मी खोटं बोलले, भागरता. त्याला माहीत होतं. टेबलावर जायच्या आधी मीच सांगितलं. बेस झालं म्हणाला. हसला."

"हासले?"

"हो. पोट धरून हसला."

"रागावले नाही?"

"नाही. तू जेवलीस म्हणून खूश झाला. तुला शरम वाटेल म्हणून सांगू नका म्हणाला."

तिनं माझा हात सोडला. माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही. डोमाच्या तोंडावरची चादर जरा खाली केली, कपाळावर हात ठेवला आणि वाकून, लग्न झाल्यापासून त्याच्याशी बोलली नसेल एवढं एका दमात बोलली.

"मी रोज जेवत होती जी. भात जेवत होती, वरन जेवत होती. पोटभर जेवत होती."